मशीन घ्या, पण कामगारांचे पैसे आधी बाजूला काढा

वर्कशॉपमध्ये बारा कामगार, हाताशी साठवलेले १५ लाख. ते सगळे नव्या सीएनसी लेथच्या (संगणकावर चालणारं कातकामाचं मशीन) डाऊन पेमेंटला भरू का, असं तुम्ही विचारलंय. सगळे भरू नका.

कारण तुमच्याच पत्रात आहे. तीन जुने कामगार येत्या दोन वर्षांत निवृत्त होतील, तेव्हा प्रत्येकाची २६ वर्षं भरलेली असतील. पगार ४० हजार, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४ हजार, बाकी इतर भत्ते. त्या १४ हजारांवर तुम्ही माणशी २ लाख १० हजार ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना द्यायची एकरकमी रक्कम, धरलीत. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. आता असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरची रक्कम वेतनात धरावी लागते. म्हणजे तुमच्याकडे वेतन झालं २० हजार. त्याला महिन्याच्या कामाच्या २६ दिवसांनी भागा, मग दर वर्षामागे १५ दिवस म्हणून १५ ने आणि नोकरीच्या २६ वर्षांनी गुणा: ३ लाख. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर ठरते, त्यामुळे मागची वर्षंही याच दराने मोजली जातात. तिघांचे मिळून ९ लाख.

पीएफची धास्ती नको. तुम्ही १५ हजारांच्या मर्यादेतच भरता. १४ ऐवजी १५ हजारांवर १२ टक्के, म्हणजे तुमचा वाटा माणशी महिना १२० रुपयांनी वाढेल, एवढंच.

नवी माणसं मुदतीच्या करारावर घेतली की ग्रॅच्युइटी वाचेल, हा तुमच्या हिशेबनिसांचा सल्ला मात्र ऐकू नका. अशा कामगाराला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षाच्या नोकरीनंतरच हक्क मिळतो. शिवाय पगार आणि सवलती कायम कामगाराइतक्याच.

माझ्या मते ९ लाख ग्रुप ग्रॅच्युइटी योजनेत, म्हणजे फक्त ग्रॅच्युइटीसाठी वेगळ्या ठेवलेल्या फंडात टाका. मान्यताप्राप्त फंडात भरलेली रक्कम आयकरात व्यवसायाचा खर्च म्हणून वजा मिळते. नुसती वहीत तरतूद दाखवून ती मिळत नाही. हे पैसे धंद्यासाठी परत काढता येत नाहीत, आणि मला तेच हवंय. ज्यांच्या हातांवर वर्कशॉप उभं राहिलं, त्यांचे पैसे मंदीच्या महिन्यात कच्च्या मालात जाऊ नयेत.

उरलेल्या सहातले पाच मशीनला, एक लाख बँकेत सहज काढता येईल असा ठेवा. कुणी नोकरी सोडली तर त्याचं थकलेलं वेतन आता दोन कामाच्या दिवसांत चुकतं करावं लागतं. कर्ज अर्थातच वाढेल. हातातल्या ऑर्डरींवर वाढलेला हप्ता निघत नसेल, तर मशीन वर्षभर पुढे ढकला.