पहिल्या वर्षी सहाच कुंड्या, आणि पाणी एकाच्याच हाती

तुमची विचारणा थोडक्यात अशी: पुण्यात फ्लॅट, पूर्वेकडे टेरेस, दोघांची नोकरी, पंधरा दिवसांतून एकदा गावी जाणं, आणि गणपती झाले की बारा भाज्या लावायचा बेत.

बारांची यादी बाजूला ठेवा. फ्लॉवरचं एक रोप तीन महिने लागवडीची पिशवी अडवतं आणि एकच गड्डा देतं. कांदा-बटाट्याचं गणितही असंच. वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी हमखास येते, तिच्याशी दुसऱ्या वर्षी झगडा. दुधीला मांडव लागतो, शिवाय त्याची फुलं संध्याकाळी उमलतात. मधमाश्या तोवर परतलेल्या असतात, म्हणून नर फूल खुडून मादी फुलाला हातानं लावावं लागतं. दोघं सात वाजेपर्यंत ऑफिसात असाल तर दुधी नकोच.

सहा कुंड्या पुरे: मेथी, पालक आणि कोथिंबीर यांचा एकेक क्रेट (दोन फूट बाय एक फूट, आठ इंच खोल), टोमॅटोच्या दोन आणि मिरचीची एक पिशवी, बारा बाय बारा इंचांची. एका रविवारी घरी थांबा आणि आठ, दहा, बारा, दोन, चार वाजता टेरेसवर ऊन कुठे पडतं ते खडूनं आखा. टोमॅटो-मिरचीला पाच-सहा तास थेट ऊन हवं, पालेभाजीला तीन-चार चालतात. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीची सावली लांबेल हे धरून चला. भरलेली पिशवी ओली असताना वीस-पंचवीस किलोंची होते. म्हणून सगळ्या मधोमध न मांडता भिंतीच्या कडेनं, विटांवर ठेवा. खाली पाणी साचलं की वॉटरप्रूफिंगची वाट लागते आणि खालच्या मजल्यावरचे लोक दार वाजवतात.

आता माती. घाई इथेच होते आणि वर्षभर नडते. पुण्याच्या आसपासची काळी माती नुसती भरू नका. पावसात चिकट गोळा होते आणि उन्हात भेगाळते. एक भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भिजवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीटची पाच किलोंची एक वीट फुगून साठ-सत्तर लिटर होते, सहा कुंड्यांना पुरते. ती भिजवल्यावर दोनदा पाणी बदलून पिळून घ्या, तिच्यात क्षार असतात. दर पिशवीला मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि भरलेल्या पिशव्या आठ दिवस नुसत्या ओलसर राहू द्या. शेणखत मुठीत धरून वास घ्या. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर घ्या. शेणाचा वास येत असेल, हाताला ऊब लागत असेल तर ते कच्चं आहे, मुळं जाळतं. चाळताना तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी जाड अळी दिसली तर ती हुमणी. ती वेचून काढाच, नाहीतर चांगलं वाढलेलं रोप एका दिवसात माना टाकेल आणि उपटल्यावर खाली मूळच नसेल.

पेरणीत कोथिंबीर सगळ्यांना फसवते. अख्खा धणा म्हणजे दोन बिया. लाटण्यानं हलकेच रगडून फोडी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते, मग शेजारच्या क्रेटमध्ये काहीच दिसत नाही म्हणून कोथिंबीर उकरून बघितली जाते आणि कोंब मोडतात. मेथी दाट पेरायला हरकत नाही, पंचविसाव्या दिवसाच्या आसपास काढायला येते. पालक मात्र कापून घ्या, उपटू नका. दोन-तीन कापण्या सहज मिळतात. क्रेटचे दोन भाग करून दहा-दहा दिवसांच्या अंतरानं पेरलंत तर सगळी भाजी एकाच आठवड्यात अंगावर येत नाही.

टोमॅटो-मिरचीची रोपं पहिल्या वर्षी नर्सरीतूनच आणा. फुलं लागलेलं उंच रोप नको. वीतभर, जाड खोडाचं घ्या. टोमॅटोची खालची पानं काढून खोड निम्मं मातीत जाऊ द्या, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. मिरचीला ही युक्ती नको, ती नर्सरीत होती तेवढ्याच खोलीवर लावा. टोमॅटोची चार-पाच फुटी काठी लावतानाच रोवा, नंतर खुपसली की मुळं तुटतात. फुलं आली की सकाळी दहाच्या सुमारास काठीला टिचकी मारा, पराग झडतात आणि फळ धरतं.

पाण्याबद्दल कळकळीनं सांगायचंय, कारण दोघं मिळून बाग करतात तिथे रोपं बहुधा पाण्यानं मरतात. सकाळी एकानं घातलेलं दुसऱ्याला माहीत नसतं, तो संध्याकाळी पुन्हा घालतो; किंवा दोघंही समजतात की दुसऱ्यानं घातलं असेल. आठवडा वाटून घ्या: हा आठवडा तुझा, पुढचा माझा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको, वरची माती कितीही कोरडी दिसो. कोरडं लागलं तर खालून थेंब येईपर्यंत सावकाश घाला. एक फसवणूक लक्षात ठेवा: कोकोपीट पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही. घातलेलं पाणी पिशवीच्या कडेनं सरळ खाली गळतं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. अशा वेळी थोडं थोडं, दहा-दहा मिनिटांनी तीनदा घाला.

जास्त पाणी झालेलं रोपही माना टाकतं, म्हणून कोमेजलेलं दिसलं की लगेच तांब्या उचलू नका, आधी बोट घाला. आणि टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग आला तर तो रोग नव्हे. कधी कोरडं, कधी चिंब असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं घालून तो लगेच थांबत नाही, पाणी नियमित केलं की पुढची फळं नीट येतात.

साखर घातलेल्या चहाचा चोथा पिशवीत टाकू नका. मुंग्या येतात, आणि मुंग्या असल्या की मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, फोफावतो, कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याला राखतात. मावा शेंड्यावर किंवा पानाखाली दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा. राहिला तर पाच मिली कडुनिंबाचं तेल एक मिली द्रवसाबणात घोटून मग एक लिटर कोमट पाण्यात मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. भर उन्हात फवारलंत तर पानं करपतात. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघोट्या म्हणजे नागअळी. तेवढी पानं खुडून टाका, औषध लागत नाही.

गावी दोन-तीन दिवस जाताना आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या, वर दोन इंच वाळका पालापाचोळा पसरा, आणि पिशव्या एकमेकींना खेटून सावलीच्या भिंतीशी ओढा. हिवाळ्यात एवढ्यावर निभतं. मार्चनंतर निभणार नाही, तेव्हा शेजाऱ्यांकडे किल्ली द्या किंवा टायमरचं ठिबक बसवा. भेंडी फेब्रुवारीत रिकाम्या झालेल्या पिशव्यांत लावा, दोघांना भाजीपुरती व्हायला सहा-आठ झाडं लागतील. बी परभणी क्रांती या वाणाचं मिळालं तर उत्तम. पानाच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला तोंड देण्यासाठीच ते वाण काढलेलं आहे.