मे महिन्यातला बर्फ: वाचकांचे प्रश्न

कोलोरॅडोत रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याला, डेन्व्हर, बोल्डर, फोर्ट कॉलिन्स या पट्ट्यात, मे महिन्यात बर्फ पडणं नवलाचं नाही. २०२२ साली १९ मेला डेन्व्हरचा पारा ८०च्या पुढे होता आणि २० तारखेच्या रात्री पालवलेल्या झाडांवर ओला, जड बर्फ कोसळत होता. त्या भागातल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. तापमान तिथल्या रिवाजाप्रमाणे फॅरनहाइटमध्ये दिलं आहे: ३२ म्हणजे शून्य सेल्सिअस, २८ म्हणजे उणे दोनच्या किंचित खाली.

प्रश्न: टोमॅटो आणि मिरचीची रोपं गेल्याच आठवड्यात वाफ्यात लावली. आता शुक्रवारी बर्फ आणि शनिवारी रात्री २७ असा अंदाज आहे. प्लास्टिकने झाकलं तर चालेल का? कढीपत्त्याची कुंडीही बाहेर आहे.

बर्फ पडतो त्या रात्रीपेक्षा नंतरच्या रात्रीला जास्त जपा. बर्फ पडताना आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे पारा बहुधा ३१-३३च्या आसपास रेंगाळतो. शनिवारी आभाळ निवळतं, वारा पडतो आणि जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. पहाटे पारा तळाला जातो. शनिवारी दुपारी ऊन पडलं की लोक पांघरुणं घडी करून ठेवतात, आणि रोपं जातात ती त्याच रात्री. दुपारी पांघरूण काढायला हरकत नाही, पण चार-पाचच्या सुमाराला, माती उबदार असतानाच, ते परत घाला.

नुसतं प्लास्टिक नको. पान जिथे प्लास्टिकला टेकतं तिथेच करपतं. नुसती चादरही बर्फाने भिजून रोपांवर बसते आणि खोडं मोडतात. म्हणून आधी सांगाडा करा. चार फूट रुंद वाफ्याच्या दोन्ही कडांना लोखंडी सळया फूटभर खोल ठोका आणि त्यांवर अर्ध्या इंची, दहा फुटी पीव्हीसी पाइपच्या कमानी बसवा, दर तीन फुटांवर एक. उंच कमानीवरून बर्फ घसरून पडतो. कमानींवर आधी जुनी चादर, तिच्यावर प्लास्टिक, आणि कडा जमिनीपर्यंत आणून विटांनी दाबा. पांघरूण रोपाच्या बुंध्याशी गोळा करून बांधलं तर उपयोग शून्य, कारण ऊब मातीतून येते आणि तीच बाहेर राहते. त्याच कारणाने आदल्या दिवशी दुपारी वाफ्याला पाणी द्या. ओली माती दिवसभराची ऊब जास्त साठवते.

साध्या कापडाने दोन ते पाच अंशांचाच आधार मिळतो. २७ला टोमॅटोसाठी तो काठावरचा आहे. आत जुन्या पद्धतीच्या, तापणाऱ्या ७ वॅटच्या दिव्यांची माळ सोडली तर बरीच खात्री येते (२५ दिव्यांचे १७५ वॅट होतात). एलईडी माळ जवळजवळ तापतच नाही. दिवा कापडाला किंवा प्लास्टिकला टेकता कामा नये आणि वायर बाहेर वापरायचीच हवी. रोपं पाच-सहाच असतील तर एवढा खटाटोप नको. प्रत्येकावर पाच गॅलनची बादली उपडी घाला, वर वीट ठेवा आणि बादलीवर जुनी गोधडी टाका.

कढीपत्ता मात्र आजच आत घ्या. ५०च्या खालीच तो पानं टाकायला लागतो. पानांच्या मागे कीड आहे का ते पाहा आणि कुंडी हीटरच्या झोताजवळ ठेवू नका. मेथी, पालक, वाटाणा, कोथिंबीर यांची काळजी करू नका. बर्फाचं पांघरूण त्यांना उलट मानवतं.

प्रश्न: स्प्रिंकलर एप्रिलमध्येच चालू केलं. बाहेरच्या पितळी बॅकफ्लोवर (स्प्रिंकलरचं पाणी उलटं घरच्या नळात येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर) टॉवेल गुंडाळला तर भागेल ना?

३२च्या जरा खाली, दोन-तीन तासांसाठी भागतं. २७ला नाही. घरातली स्प्रिंकलरची मुख्य चावी बंद करा आणि तिच्याजवळचं निचऱ्याचं छोटं बूच बादली धरून उघडा. मग बाहेर या. बॅकफ्लोच्या अंगावर दोन बारीक स्क्रू-नळ्या असतात. पेचकसाने पाव वळसा देऊन त्यांची खाच नळीच्या दिशेत आणा, म्हणजे पाणी निथळेल. शेवटी दोन्ही हँडल ४५ अंशांवर, अर्धवट ठेवा. हे बहुतेकांकडून राहतं. हँडल पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद असलं की आतल्या गोळ्याभोवती पाणी अडकतं आणि गोठताना फुगून पितळ चिरतं. मग टॉवेल गुंडाळा, पण खालचं तोंड मोकळं सोडा.

पुन्हा चालू करताना स्क्रू बंद करा, हँडल सरळ करा आणि मुख्य चावी अगदी सावकाश फिरवा. वरच्या टोपीतून क्षणभर पाणी उडणं ठीक आहे. उडतच राहिलं तर टोपी किंवा तिच्याखालचा दट्ट्या फुटलाय. तेवढा संच बदलून मिळतो.

भिंतीतल्या नळाचा होजपाइपही काढा. गोठत नाही म्हणून विकला जाणारा नळसुद्धा होज लावलेला राहिला की भिंतीच्या आत फुटतो, आणि ते कळतं पुढच्या वेळी नळ सोडल्यावर, तळघरात पाणी आलं की.

प्रश्न: बर्फाने मेपलच्या फांद्या वाकल्या आहेत. हलवून झाडू का?

गदागदा हलवू नका. मऊ झाडूने खालून वर उचलून बर्फ सांडा, आणि सुरुवात खालच्या फांद्यांपासून करा, नाहीतर वरचा बर्फ आधीच वाकलेल्या फांदीवर पडतो. बर्फ गोठून चिकटला असेल तर हात लावू नका. फांद्या कडकडत असतील तर झाडाखाली जाऊच नका, आणि विजेच्या तारेजवळ तर मुळीच नाही.

प्रश्न: अंगणातलं सफरचंद पूर्ण फुलोऱ्यात आहे. नाशिककडे थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. तसं इथे करावं का?

पूर्ण फुलोऱ्यात अर्धा तास २८ राहिलं तर साधारण दहा टक्के फुलं मरतात, २५ला नव्वद टक्के. कळ्या नुकत्या हिरव्या टोकाच्या होत्या तेव्हा हेच झाड १८ला फक्त दहा टक्के गमावतं. शेकोटीत काम करते ती आंच, धूर नव्हे. एका झाडासाठी घरांच्या दाटीत तो धोका पत्करू नका. फुलांवर पाण्याचा फवारा मारण्यामागे शास्त्र आहे. गोठताना पाण्याचा प्रत्येक ग्रॅम ८० कॅलरी उष्णता सोडतो. पण फवारा पहाटेनंतर बर्फ वितळेपर्यंत अखंड हवा. मधेच थांबलात तर बाष्पीभवनाने फुलं आणखी गार पडतात. छोटं झाड असेल तर चादर आणि तापणाऱ्या दिव्यांची माळच बरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दहा-बारा फुलं तोडा आणि ब्लेडने मधोमध उभी चिरा. पाकळ्या ताज्या दिसल्या तरी फसू नका, तळाचा गाभा पाहा. हिरवा असेल तर फूल जिवंत आहे, काळा-तपकिरी पडला असेल तर गेलं. शंभरातली दहा जगली असतील, तरी सफरचंदाचं झाड यंदा भरेल.