‘पुढचा सेन्सर’ म्हणजे नेमका कुठला?

फोंड्याच्या एका वाचकाने विचारले आहे: गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०१४१ हा कोड दिसला. त्यांनी गॅरेजमध्ये सांगितले, “कन्व्हर्टरच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदला.” (कन्व्हर्टर म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपातला, धूर स्वच्छ करणारा डबा.) संध्याकाळी गाडी हातात आली तेव्हा नवा सेन्सर बसवला होता इंजिनाला लागून, आणि दिवा पुन्हा लागला. “माझे मराठी चुकले की मेकॅनिकची समज?”

दोघांचेही मराठी बरोबर होते. ‘पुढचा’ या शब्दाला जागेचा एक अर्थ आहे आणि क्रमाचा दुसरा. पुढची सीट म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूची, पुढचा महिना म्हणजे यानंतर येणारा. कदंबच्या बसमध्ये कंडक्टर “पुढे सरका” म्हणतो आणि लगेच “पुढचा थांबा पर्वरी” असेही सांगतो. बस जिकडे तोंड करून चालली आहे तिकडेच ही दोन्ही ‘पुढे’ असल्यामुळे कुणाचे अडत नाही. एक्झॉस्टच्या पाइपात नेमके हेच फिसकटते. गाडी पुढे जाते, धूर मागे जातो. धुराच्या वाटेने निघालात तर कन्व्हर्टर ओलांडल्यावर भेटणारा सेन्सर पुढचा. बॉनेटकडून पाहिलेत तर तोच मागचा. तुम्ही धुराबरोबर चालत होता, मेकॅनिक बॉनेट उघडून उभा होता.

बोलणे कोकणीत झाले असते तरी सुटका नव्हती. ‘फुडें’लाही हीच दोन तोंडे आहेत, ‘फुडार’ म्हणजे तर भविष्यच.

मग म्हणावे काय? ‘अलीकडचा-पलीकडचा’ ही जोडी मला स्वतःला फार आवडते, पण ती बोलणारा कुठे उभा आहे त्यावर फिरते. पणजीत उभे राहिले तर मांडवीपलीकडे पर्वरी, पर्वरीत उभे राहिले तर पलीकडे पणजी. शिवाय ‘अलीकडचा सेन्सर’ म्हणजे हल्लीच बसवलेला, असाही अर्थ कुणी घेईल. ‘वरचा-खालचा’ काही गाड्यांत चालून जाते, कारण तिथे कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांनाच, जोडून उभा असतो आणि दोन्ही सेन्सर एकाखाली एक येतात. जिथे पाइप गाडीच्या पोटाखालून आडवा जातो तिथे वर-खाली काही उरत नाही.

माझे मत ‘कन्व्हर्टरच्या आधीचा’ आणि ‘कन्व्हर्टरनंतरचा’ या जोडीला. आधी आणि नंतर हे शब्द धुराच्या क्रमाशी बांधलेले राहतात. गाडीचे तोंड कुठे आहे, मॅनिफोल्ड रेडिएटरच्या बाजूला आहे की केबिनच्या, याने त्यांना फरक पडत नाही. फक्त ‘कन्व्हर्टर’ हा शब्द गाळू नका. ‘सायलेन्सरमधला सेन्सर’ तर मुळीच म्हणू नका. आपण मॅनिफोल्डपासून शेपटापर्यंत सगळ्या पाइपालाच सायलेन्सर म्हणतो, त्यामुळे त्यातून काहीच ठरत नाही.

हा काटेकोरपणा का हवा, तर दोघांची कामे वेगळी आहेत. आधीचा सेन्सर इंजिनातून निघालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजतो, आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. पेट्रोलच्या मिश्रणाचा नेम १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने. हा सेन्सर झिर्कोनिया या सिरॅमिकचा, नेहमीच्या प्रकारचा असेल तर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत असतो. नंतरचा सेन्सर कन्व्हर्टरवर नजर ठेवतो; कन्व्हर्टर धडधाकट असेल तर त्याचा व्होल्टेज बराचसा स्थिर राहतो. एकाच्या जागी दुसरा बसवणे सहसा जमत नाही, तारेची लांबी आणि कनेक्टरही बऱ्याचदा वेगळे असतात.

‘सेन्सर’ला पाठ्यपुस्तकात ‘संवेदक’ हा चांगला शब्द आहे, लिहिताना जरूर वापरावा. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर, किंवा नुसते ओटू सेन्सर, हेच चालते आणि चालू द्यावे.

कोडच्या वर्णनात येणाऱ्या ‘बँक १’ मधल्या बँकेबद्दलही वाचकाने विचारले आहे. ही सिलिंडरांची रांग. मराठीत ‘ओळ’ म्हणता येईल. ज्या ओळीत १ नंबरचा सिलिंडर ती बँक १, मग ती डावीकडे असो की उजवीकडे. व्ही आकाराच्या इंजिनात अशा दोन ओळी येतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तीन-चार सिलिंडर एकाच ओळीत असतात, म्हणून बँक २ चा प्रश्नच येत नाही. सेन्सर १ म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर २ नंतरचा. पी ०१३० ते ०१३५ हे कोड बँक १ च्या सेन्सर १ चे, पी ०१३६ ते ०१४१ सेन्सर २ चे.

म्हणजे तुमचा पी ०१४१ हा नंतरच्या सेन्सरचा, त्यातही त्याला आतून तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटचा. इथे आणखी एक शब्द जपून वापरा. “सेन्सरचा कोड आला” आणि “सेन्सर गेला” ही दोन वेगळी वाक्ये आहेत. फ्यूज उडाला असेल किंवा तार तुटली असेल तरी हाच कोड येतो. आधी फ्यूज पाहायला सांगा. मग कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या, बहुधा एकाच रंगाच्या, दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. थोडेसे ओहम दाखवले तर हीटर शाबूत आहे, दोष वायरिंगमध्ये शोधा. काहीच दाखवले नाही तर हीटर तुटला. बदलायचाच झाला तर खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात आटे गंजलेले असणार. इंजिन कोमट असताना, गंज सुटायचे तेल मुरू देऊन, तारेसाठी खाच असलेल्या बावीसच्या सॉकेटने काढायला सांगा. नव्याच्या टोकाला तेल-ग्रीस लागू देऊ नका. आणि कामाच्या कागदावर असे लिहून घ्या: “कन्व्हर्टरनंतरचा ऑक्सिजन सेन्सर, बँक १ सेन्सर २.”