नालदेहऱ्याला खेळायला जाण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

मे महिन्यात घरच्यांबरोबर शिमल्याला जाणार आहेस आणि तिथून बावीस-तेवीस किलोमीटरवर असलेल्या नालदेहऱ्याच्या गोल्फ मैदानावर आयुष्यातला पहिला अठरा होलांचा खेळ खेळणार आहेस, हे कळल्यावर मला फार आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. काळजी तुझ्या स्विंगची, म्हणजे फटका मारण्याच्या पद्धतीची, नाही. गेले आठ महिने पुण्यातल्या सरावाच्या मैदानावर तू ज्या हिरव्या चटईवरून चेंडू मारते आहेस, ती टेबलासारखी सपाट आहे. नालदेहऱ्याला टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, सोडली की तशी जागा तुला क्वचितच मिळेल. म्हणून हे पत्र मुख्यतः पायांखालच्या जमिनीविषयी आहे.

उतारावर उभी राहिलीस की आधी एकच गोष्ट पाहा: चेंडू पायांच्या वर आहे की खाली. तू उजव्या हाताने खेळतेस, त्यामुळे चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे वळेल. तेव्हा ग्रिप, म्हणजे क्लबची (गोल्फच्या काठीची) मूठ, दोन बोटे खाली धर आणि नेम थोडा उजवीकडे घे. चेंडू पायांच्या खाली असेल तर तो उजवीकडे सुटतो आणि शरीर मध्येच उचलले गेले की क्लब त्याच्या डोक्यावरून निसटतो, म्हणून गुडघे नेहमीपेक्षा जास्त वाकव आणि फटका पूर्ण होईपर्यंत ती बैठक मोडू नकोस. समोर चढ असेल तर चेंडू उंच उडून अलीकडेच पडतो, तेव्हा आठ नंबरच्या आयर्नऐवजी (धातूच्या पात्याच्या क्लबऐवजी) जास्त लांब मारणारा सात नंबर काढ. समोर उतार असणे हे सर्वांत कठीण. तिथे खांदे उताराला समांतर ठेवायचे, चेंडू मागच्या पायाकडे घ्यायचा, आणि त्याला हवेत उचलण्याचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, कारण ते काम क्लबच्या कोनाचे आहे. या चारही ठिकाणी पाऊण ताकदीने मार. तोल गेला तर बाकीचे सगळे शिकलेले वाया जाते. फटक्याआधी दोनदा नुसता क्लब फिरवून तो गवताला नेमका कुठे टेकतो ते पाहा, आणि चेंडू नेमका त्या जागी येईल अशी उभी राहा.

नालदेहरा सुमारे सात हजार फुटांवर आहे. तिथली हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो, असे तुला अनेक जण सांगतील, आणि ते खरेही आहे. जोरदार मारणाऱ्याला त्या उंचीवर साधारण सात-आठ टक्के अंतर जास्त मिळते. तुझ्या आजच्या वेगाला तो फायदा इतका मिळणार नाही आणि सकाळच्या गारव्यात तर जवळजवळ दिसणारही नाही, तेव्हा त्या हिशेबात अडकू नकोस. टी उंचावर आणि ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, खोलात असेल तेव्हा मात्र कमी लांब मारणारा क्लब, म्हणजे सातऐवजी आठ नंबर, घ्यायला विसरू नकोस.

आता ग्रीनविषयी. मी पहिल्यांदा डोंगरातल्या मैदानावर खेळलो, तेव्हा चार फुटांच्या एका पटसाठी (ग्रीनवरून चेंडू होलकडे घरंगळवणाऱ्या फटक्यासाठी) कॅडीने, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मदतनीसाने, मला होलच्या डाव्या कडेबाहेर नेम धरायला सांगितला. मला तर उतार नेमका उलटा दिसत होता. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि चेंडू माझ्या देखत चढाकडे वळल्यासारखा होलपासून दूर गेला. तेव्हा तो वयस्क कॅडी शांतपणे म्हणाला, “साहब, पानी किधर जाएगा, वो देखो.” मागे मोठा डोंगर असला की त्याच्या तुलनेत ग्रीनचा लहानसा उतार सपाट भासतो, कधी उलटाही भासतो. म्हणून ग्रीनवर पोहोचण्यापूर्वी, तीस-चाळीस पावले दूर असतानाच, पाऊस पडला तर पाणी कोणत्या दरीकडे धावेल हे पाहून ठेव. आणि कॅडी घेच. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचव.

देवदारांची झाडी दाट आहे. चेंडू तिथे गेला तर दोन खोडांमधल्या फटीतून ग्रीनकडे मारण्याचा मोह होईल. तो आवर आणि सरळ बाजूला फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, काढ. चेंडूभोवतीची वाळलेली पाने आणि काटक्या तू दंडाशिवाय बाजूला करू शकतेस, फक्त चेंडू हलता कामा नये. शोधायला नियमाने तीनच मिनिटे मिळतात. चेंडू हरवला असेल अशी शंका आली तर पुढे निघण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता पर्यायी चेंडू) खेळते आहे असे सोबत्यांना स्पष्ट सांगून दुसरा मार, नाहीतर पुन्हा टीपर्यंत चढून यावे लागेल. एका चेंडूसाठी घसरणीवर उतरू नकोस. पिशवीत डझनभर जुने चेंडू ठेव. फटका कोणाच्या दिशेने गेला तर संकोच न करता ‘फोर’ म्हणून ओरड, कारण वळणापलीकडचा खेळाडू तुला दिसत नसतो. मागचा गट खोळंबला असेल तर त्याला पुढे जाऊ दे, आणि एखाद्या होलवर पारच्या, म्हणजे त्या होलसाठी अपेक्षित फटक्यांच्या, दुप्पट फटके झाले की चेंडू उचलून घे.

अंगाला स्वेटर आणि पिशवीत छत्री असू दे, बुटांचे तळ घट्ट पकड घेणारे हवेत, आणि आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की कर.

मैदानाच्या आवारातच माहूनागाचे लाकडी देऊळ आहे. नाग आणि देहरा, म्हणजे देऊळ, यांवरून गावाचे नाव पडले असे सांगतात; त्यातला देहरा मला आपल्या देव्हाऱ्याचा भाऊबंद वाटतो. व्हाइसरॉय कर्झनला ही जागा इतकी आवडली होती की १९०४ मध्ये जन्मलेल्या आपल्या तिसऱ्या मुलीच्या नावात त्याने ‘नालदेरा’ घातले. खेळ संपल्यावर देवळापाशी थोडा वेळ बस. मैदानाचा पार ६८ आहे. तुझे त्याच्या दुप्पट झाले तरी कार्ड फाडू नकोस. प्रत्येक होलसमोर फटक्यांच्या आकड्याशेजारी तुझा पट कोणत्या बाजूला वळला ते पेन्सिलीने लिही आणि परत आलीस की ते कार्ड मला दाखव.

तुझा शुभचिंतक