बायको आणि दोन मुलांना घेऊन जर्मनीला शिफ्ट व्हायचंय, महिन्याचा खर्च कसा काढायचा?

हिशोब ऑफर लेटरवरच्या आकड्यातून नाही तर टॅक्स आणि सोशल इन्शुरन्स कापून हातात येणाऱ्या पगारातून करा, आणि त्यातून सगळ्यात आधी भाडं वजा करा. मी फॅमिलीसकट इथेच राहतो म्हणून सांगतो, जाहिरातीत काल्टमीट (नुसतं घराचं भाडं) दिसलं की लोक तेच भाडं धरतात, पण द्यायचं असतं वॉर्ममीट, म्हणजे हीटिंग-पाणी-कचरा धरून, आणि लाईट बिल बहुतेक वेळा त्याच्याही वर. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त 3 महिन्यांचं काल्टमीट, ते 3 हप्त्यांत देता येतं, हे घरमालक आपणहून सांगेलच असं नाही. आणि फोटो नीट बघा, बऱ्याच घरांत किचनच नसतं, भिंतीत नळाचे पाईप आणि शेगडीचं कनेक्शन, बस, ओटा-सिंक-कपाटं सगळं तुम्ही आणायचं, तो एकदाचा खर्च वेगळा ठेवा.

बाकी हे विसरू नका:
- रेडिओ-टीव्हीची सक्तीची फी, घरामागे महिना 18.36 युरो
- किंडरगेल्ड (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) जमेच्या बाजूला, 2025 मध्ये दर मुलामागे महिना 255 युरो होता. अर्ज लगेच करा, मागचे फक्त 6 महिनेच मिळतात

एक मात्र आहे, सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये कमाई नसलेली बायको आणि मुलं फुकटात कव्हर होतात, प्रायव्हेट घेतला तर प्रत्येकाचा प्रीमियम वेगळा. पाळणाघराची फी शहरागणिक बदलते, बर्लिनमध्ये जेवणाचे थोडे पैसे सोडले तर जवळपास फ्री, दुसऱ्या शहरात तसं असेलच असं नाही, त्यामुळे शहर ठरल्याशिवाय फायनल आकडा काढू नका.