मैदान कुणाच्या नावावर आहे? : इंग्लिश फुटबॉल क्लबांच्या मालकीविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधल्या एखाद्या क्लबचे पगार थकले, गुण कापले गेले किंवा मालक बदलला की माझ्याकडे प्रश्नांची रीघ लागते. प्रश्न बहुतेक तेच असतात. डबघाईला आलेल्या कंपन्यांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे मी क्लबचा ताळेबंद आधी वाचतो आणि गुणतक्ता नंतर. इथली उत्तरं सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावीत. तुमचे स्वतःचे पैसे गुंतले असतील, तर तुमची कागदपत्रं डोळ्यांखालून घालणारा सल्लागार हवाच.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा आपल्या पुण्याच्या व्यंकीजचा क्लब. इतकी वर्षं ते पैसे ओतताहेत, तरी तिथले लोक त्यांच्यावर चिडलेले का? आता इथून पैसे पाठवणंच बंद झालं आणि क्लब बुडणार, असंही ऐकलं. (एक वाचक, पुणे)

ऐकीव गोष्टींवर मी उत्तर देत नाही. नोंदी काय सांगतात ते पाहू.

नोव्हेंबर २०१० मध्ये व्यंकीज समूहाने सुमारे २.३ कोटी पौंडांना हा क्लब घेतला. त्याआधी तो जॅक वॉकर या स्थानिक पोलाद उद्योजकाचा आणि ते वारल्यावर त्यांच्या ट्रस्टचा होता. वॉकर यांच्याच काळात, १९९५ साली, त्याने प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सर्वांत वरची श्रेणी, जिंकली होती. नव्या मालकांनी महिन्याभरात सॅम अ‍ॅलरडाइस या अनुभवी प्रशिक्षकाला काढलं. २०१२ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि २०१७ मध्ये तिसऱ्या. पुढच्याच वर्षी तो दुसरीत परतला, पण प्रीमियर लीग त्याला पुन्हा दिसलेली नाही. लोकांचा राग आहे तो सुरुवातीच्या निर्णयांवर आणि मालक मैदानावर फिरकत नाहीत यावर. पैसे मात्र त्यांनी खरोखर घातले, तेही वीस कोटी पौंडांच्या वर आणि मुख्यतः कर्जाच्या रूपात. ते आले नसते तर क्लब केव्हाच दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला असता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि ब्लॅकबर्नच्या चाहत्यांना त्या दोन्ही ठाऊक आहेत.

आता पैसे पाठवण्याविषयी. भारतात परकीय चलनासंबंधीच्या एका चौकशीमुळे २०२३ पासून पैसे बाहेर नेण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागू लागली. चौकशी सुरू असणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, कृपा करून तसं पुढे पाठवू नका. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. ज्या क्लबचा रोजचा खर्च एकाच घराच्या तिजोरीवर चालतो, त्याचं भवितव्य त्या घराच्या दुसऱ्या कुठल्याही अडचणीला बांधलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅडम व्हार्टन हा घरचा, तरुण खेळाडू क्रिस्टल पॅलेसला विकला गेला, तो याच ओढाताणीच्या काळात.

क्लब ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मध्ये गेला म्हणजे बंद पडला का? (सोलापूर)

नाही. परवानाधारक प्रशासक कारभार हाती घेतो, ज्यांचे पैसे थकलेत त्यांचे दावे थांबतात आणि गिऱ्हाईक शोधलं जातं. प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणींत याबद्दल १२ गुण कापले जातात. बंद पडणं वेगळं, ते २०२० साली मॅक्लेसफील्ड टाउनच्या वाट्याला आलं.

मँचेस्टर युनायटेडचे शेअर अमेरिकेच्या बाजारात मिळतात. दहा-वीस घेतले तर आपल्यालाही मत देता येईल ना? (ठाणे)

मत देता येईल, पण त्याने काहीच हलणार नाही. बाजारात मिळतो तो ‘ए’ वर्गाचा शेअर, त्याला एक मत. ग्लेझर कुटुंबाकडे ‘बी’ वर्गाचे आहेत, त्यांना प्रत्येकी दहा. २००५ मध्ये त्यांनी सुमारे ७९ कोटी पौंडांत क्लब घेतला, त्यातला मोठा भाग उसना होता आणि कर्जाचा बोजा क्लबवरच चढवला गेला. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे पाव हिस्सा घेतला, तरी बहुमत ग्लेझर कुटुंबाकडेच राहिलं. संघावर प्रेम आहे म्हणून शेअर घेऊ नका. घ्यायचेच असतील, तर परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा आणि त्यावरचा कर आधी तुमच्या सीएकडून समजून घ्या.

एका क्लबच्या ‘फॅन टोकन’ची जाहिरात पाहिली. ते घेतलं की क्लबमध्ये वाटा मिळतो, असं आमच्या टेलिग्राम ग्रुपवरचे एक जण म्हणतात. (एक विद्यार्थी, नाशिक)

मिळत नाही. ‘फॅन टोकन’ म्हणजे क्लबच्या नावाने इंटरनेटवर विकलं जाणारं आभासी नाणं. त्या गृहस्थांना शेअर प्रमाणपत्राचा नमुना दाखवायला सांगा. ते दाखवू शकणार नाहीत, कारण असा कागदच नसतो. टोकनधारकाला मत विचारतात ते गोल झाल्यावर कुठलं गाणं वाजवायचं किंवा बसवर कोणती घोषणा लिहायची, असल्या गोष्टींवर. तिकिटाचे दर, कर्ज, मैदान यांतलं काहीही तुमच्यापर्यंत येत नाही. भारतात हे आभासी मालमत्तेत मोडतं, म्हणजे नफ्यावर सरळ ३० टक्के कर आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजाही करता येत नाही. चाहत्याच्या मायेची किंमत लावून विकायचा हा धंदा आहे आणि त्यात विद्यार्थ्यांना ओढलं जातं याचा मला संताप येतो. फीचे पैसे त्यात घालू नका. घातले असतील, तर घरी आजच सांगा आणि करसल्लागाराला भेटा.

मी शेफील्डला नोकरी करतो, ‘शेफील्ड वेन्सडे’ या क्लबचे सामने पाहतो. क्लबचं मैदान मालकाने स्वतःच विकत घेतलं तर त्यात वाईट काय? पैसा शेवटी क्लबलाच मिळाला ना? (शेफील्ड)

हा युक्तिवाद मी किती ठिकाणी ऐकला! म्हणून इथे सविस्तर लिहितो.

वेन्सडेच्या मैदानाचा, हिल्सबरोचाच व्यवहार घ्या. देजफॉन चानसिरी यांनी २०१५ मध्ये क्लब घेतला. पुढे तोटा लीगच्या मर्यादेबाहेर जाऊ लागला, तेव्हा मैदान ६ कोटी पौंडांना त्यांच्याच दुसऱ्या कंपनीला विकण्यात आलं आणि तो नफा जुलै २०१८ ला संपलेल्या वर्षाच्या हिशेबात दाखवला गेला. मैदान घेणारी कंपनी नोंदली गेली जून २०१९ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी विक्री दाखवली, त्या वर्षी खरेदीदार अस्तित्वातच नव्हता. ही तारीख कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. आणि पैसा म्हणाल, तर तोही एकरकमी नव्हे, वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी यायचा होता.

लीगने १२ गुण कापले, अपिलात ते ६ झाले. २०२०-२१ च्या हंगामाअखेर वेन्सडेचे ४१ गुण होते आणि जेमतेम वाचलेल्या डर्बी काउंटीचे ४४. ते सहा गुण हातात असते तर संघ खाली गेला नसता. शेवटचा सामना डर्बीच्या मैदानावर झाला, ३-३ असा बरोबरीत सुटला. त्या दिवशी आमनेसामने होते ते दोन्ही क्लब आपापली मैदानं आपापल्या मालकांच्या कंपन्यांना विकून बसलेले होते. डर्बीचं प्राइड पार्क २०१८ मध्ये सुमारे ८ कोटी पौंडांना गेलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये डर्बी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, एकूण २१ गुण गेले आणि पुढच्या वर्षी तोही तिसऱ्या श्रेणीत आला. त्याला वाचवायला आलेल्या डेव्हिड क्लाउज यांना आधी मैदान आणि मग क्लब, असे दोन सौदे करावे लागले.

मैदान हीच क्लबची खरी जमीनजुमल्याची मिळकत असते. खेळाडू दोन हंगामांत जातो, टीव्हीचा पैसा श्रेणी बदलताच आटतो. मैदान नावावर असेल तर कुणीतरी गिऱ्हाईक येतं. ते गेलं असेल, तर नव्या माणसाला मिळतात खेळाडूंचे करार, देणी आणि एक भाडेपावती. चांगला मालक असेपर्यंत हे कुणाला खटकत नाही. तोच मालक थकला, भांडला किंवा मेला की मैदान एका वारसाकडे आणि क्लब दुसऱ्याकडे, अशी वेळ येते.

ब्रायटनची गोष्ट तर प्रत्येक चाहत्याला पाठ असायला हवी. मैदान विकून कुणी नफा खाऊ नये, असं कलम त्यांच्या नियमावलीत होतं. ते गुपचूप काढलं गेलं, १९९५ मध्ये गोल्डस्टोन ग्राउंड बिल्डरांना विकलं आणि एप्रिल १९९७ मध्ये तिथे शेवटचा सामना झाला. मग दोन वर्षं ‘घरचे’ सामने सत्तर मैलांवरच्या जिलिंगममध्ये. स्वतःचं नवं स्टेडियम मिळायला २०११ उजाडलं. आज ब्रायटन प्रीमियर लीगमध्ये दिसतो, म्हणून ते हाल कुणाला आठवत नाहीत.

आणि ‘बरी’ या गावचा संघ. १८८५ पासून गिग लेन या मैदानावर खेळणारा, दोनदा एफए कप जिंकलेला क्लब. मैदान गहाण पडलं, पार्किंगच्या जागासुद्धा गुंतवणूक म्हणून विकल्या गेल्या, डिसेंबर २०१८ मध्ये क्लब एका पौंडाला हातोहात गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने त्याला बाहेर काढलं. नव्या मालकाकडे क्लब चालवायला पैसे आहेत का, याचा पुरावा व्यवहार होण्याआधी लीगच्या हाती आलेलाच नव्हता. त्यानंतर मी गिग लेनला गेलो होतो. फाटकाला कुलूप होतं, आणि जाळीला लोकांनी बांधलेले स्कार्फ पावसात भिजत होते.

वेन्सडेपुरतं एक बरं झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, तेव्हा मैदान ज्या कंपनीच्या नावावर होतं तीही सोबत गेली, त्यामुळे दोन्ही एकत्र विकायला काढता आली. ज्या फटीतून हे व्यवहार झाले ती खालच्या श्रेणींनी २०२१ मध्ये बुजवली. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या फुटबॉल कारभार कायद्यानुसार वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना घरचं मैदान विकायला स्वतंत्र नियामकाची परवानगी लागणार आहे. हा कायदा वीस वर्षं आधी यायला हवा होता.

तुम्ही शेफील्डलाच आहात, तर थोडेसे पौंड भरून जमीन नोंदणी कार्यालयातून मैदानाचा उतारा काढा. मालक कोण आणि बोजा कुणाचा, हे त्यावर असतं. अर्थ लागला नाही तर चाहत्यांच्या ट्रस्टकडे जा, तिथे वकील मंडळी असतात.

कोल्हापुरात आमच्या तालमींचे संघ पेठेतल्या लोकांच्या बळावर चालतात. इंग्लंडमध्ये चाहते क्लब चालवू शकत नाहीत? (कोल्हापूर)

चालवतात. एक्सेटर सिटी २००३ पासून चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहे. २००२ मध्ये विम्बल्डनला मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन नावाने नवा क्लब काढला, नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली, २०११ मध्ये चौथी श्रेणी, म्हणजे फुटबॉल लीगची पहिली पायरी, गाठली आणि २०२० मध्ये प्लाउ लेनवर स्वतःचं मैदान उभं केलं. अडचण येते ती वरच्या श्रेणीत. पोर्ट्समथ २०१३ मध्ये चाहत्यांनी वाचवला, पण स्टेडियमच्या दुरुस्तीला भांडवल हवं म्हणून २०१७ मध्ये त्यांनीच मतदान करून तो विकला. तुम्ही तुमच्या संघाची संस्था म्हणून नोंदणी करणार असाल, तर घटना लिहितानाच मालमत्तेचं कलम जाणकार वकिलाकडून करून घ्या.

मँचेस्टर सिटीला खाली ढकललं, असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला. खरं का? (दादर)

पाठवणाऱ्याकडे निकालपत्र मागा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आर्थिक नियम मोडल्याचे शंभरावर आरोप ठेवले गेले, क्लबने ते नाकारले. निकालपत्र वाचल्याशिवाय मी यावर एक शब्द लिहिणार नाही.

लेस्टरजवळ आमचा खाद्यपदार्थ पुरवण्याचा छोटा व्यवसाय आहे. खालच्या श्रेणीतल्या एका क्लबने चार महिन्यांची बिलं दिलेली नाहीत. ‘नवा मालक येतोय, दोन आठवडे थांबा’, असं तिथले साहेब प्रत्येक वेळी सांगतात. थांबावं का? (लेस्टर)

ताई, थांबू नका. तुम्ही चार महिने थांबलात हेच फार झालं.

क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला की रांग लागते आणि त्या रांगेत तुम्ही शेवटी असता. फुटबॉलच्या नियमांप्रमाणे खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांची देणी पूर्ण फेडावी लागतात, नाहीतर लीगमधली जागा राहत नाही. सरकारी कर खात्याने हा नियम न्यायालयात आव्हान देऊन पाहिला आणि २०१२ मध्ये ते हरलं. पोर्ट्समथ २०१० मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला तेव्हा लाखो पौंडांचे खेळाडू सुरक्षित राहिले, आणि पैसे अडकलेल्यांच्या यादीत सामन्याला प्रथमोपचार देणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही धर्मादाय संस्था होती. आता खालच्या श्रेणींत तुमच्यासारख्यांना पौंडाला किमान २५ पेन्स दिले नाहीत तर क्लबचे आणखी गुण जातात, पण २५ पेन्समध्ये तुमचा किराणासुद्धा सुटणार नाही.

सगळी बिलं, माल पोहोचल्याच्या सह्या आणि ‘दोन आठवडे थांबा’वाले ईमेल एका फाइलमध्ये लावा आणि याच आठवड्यात वसुलीची कामं करणाऱ्या सॉलिसिटरला भेटा. थकलेल्या व्यापारी बिलावर कायद्याने व्याज मागता येतं. रीतसर नोटीस गेली की पुष्कळदा पैसे निघतात, पण हे सगळं क्लब बुडण्याआधी करावं लागतं. नोटिशीचा मजकूर स्वतः लिहू नका. नवा मालक खरंच आला, तर तो तुमचं देणं आधीच्या कागदांवरूनच ओळखेल.

आणि येत्या शनिवारच्या सामन्याची ऑर्डर आली असेल, तर पैसे खात्यात जमा होऊ द्या, मगच गाडी भरा.