जुने समाजमाध्यम सोडल्यावर

प्रश्न : अनेक वर्षे वापरलेले समाजमाध्यम मी नुकतेच सोडले. आता मॅस्टोडॉन निवडावे की ब्लूस्काय?

उत्तर : आपल्या परिचयातील मंडळी कोठे गेली आहेत, हे आधी पाहावे. २०१६ साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉनवर प्रथम सर्व्हर (आपले खाते जेथे राहते, ते स्वतंत्रपणे चालवलेले केंद्र) निवडावा लागतो आणि नवखे बहुधा तेथेच अडखळतात. पुढे सर्व्हर बदलल्यास अनुयायी सोबत नेता येतात, जुन्या नोंदी मात्र मागेच राहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये निमंत्रणाची अट काढून सर्वांना खुले झालेले ब्लूस्काय सुरुवातीस सोपे वाटते, शिवाय तेथे आपल्या आवडीची फीड (समोर येणाऱ्या नोंदींची मालिका) निवडता येते. सवय मोडलेल्या माणसाने (आपण त्यांतलेच दिसता) ब्लूस्कायपासून आरंभ करावा, असे मला वाटते. जुने खाते कायमचे मिटवले नसेल, तर त्यातील मजकुराची प्रत आधी उतरवून घ्यावी.